राष्ट्रीय उद्यानातील वाट पाड्यावरच्या माणसांनी दाखवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शुल्क भरून एका निसर्गफेरीला गेले होते. फेरी चांगली होती आणि ती घेणाऱ्यांविषयी तक्रार करण्याचा माझा हेतू नाही, म्हणून त्यांचे नाव लिहीत नाही. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. वाटेच्या कडेला पाचोळ्यातून वीतभर उंचीचा, जांभळट तपकिरी आवरण गुंडाळलेला एक कोंब वर आला होता. मार्गदर्शक तरुणाने त्याचे शास्त्रीय नाव आणि कुळ सांगितले, "खाजरा असतो, हात लावू नका" असे बजावले आणि तो पुढे गेला. आमच्या मागून नाश्त्याचे डबे घेऊन पाड्यावरच्या एक मावशी येत होत्या. त्या माझ्याशी हळूच म्हणाल्या, "शेवळं हायेत ती." मग चालता चालता त्यांनी सगळी कृती सांगितली. वरचे आवरण सोलायचे, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, उरलेले बारीक चिरून काकडांबरोबर शिजवायचे. काकडे म्हणजे आवळ्यासारखी दिसणारी आंबट हिरवी फळे. ती याच दिवसांत मिळतात आणि ती घातली नाहीत तर घसा खाजून नकोसे होते. शेवळाची खाज आणि त्यावरचा उतारा रानात एकाच पंधरवड्यात यावा, ही गोष्ट मला त्या दिवशी सर्वांत नवलाची वाटली. पण शुल्क भरून आलेल्या आम्हा वीस जणांपैकी ती मी एकटीनेच ऐकली, कारण सांगणाऱ्या बाईंचे त्या दिवसाचे काम डबे वाहण्याचे होते.

या पत्राचा विषय एवढाच आहे. उद्यानातील पाड्यांवर राहणाऱ्या वारली, मल्हार कोळी, कोकणा आणि कातकरी लोकांनी स्वतः ठरवलेल्या, स्वतः चालवलेल्या आणि ज्यांचा मोबदला थेट त्यांच्या हाती पडेल अशा पायी फेऱ्या उद्यानाच्या नियमित वेळापत्रकात असाव्यात. अधूनमधून एखाद्या महोत्सवात तारपा नाच आणि रानभाज्यांचे ताट असा कार्यक्रम होतो, त्याचे स्वागतच आहे. पण माझे म्हणणे कायमच्या व्यवस्थेविषयी आहे.

सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलाचा इतिहास आपण सांगतो तो बहुधा दगडाचा आणि पाण्याचा. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी, त्यांना दान देणारे सोपारा आणि कल्याणचे व्यापारी, नव्वदाव्या लेण्यातले इसवी सन 1009 आणि 1021 मधील पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले लेख, पुढे मुंबईला पाणी पुरवण्यासाठी 1860 मध्ये झालेला विहार आणि 1879 मध्ये झालेला तुळशी तलाव हे सगळे सांगितले जाते आणि सांगायलाच हवे. मात्र चुनापाडा, रावणपाडा, तुमणीपाडा ही नावे आली तर ती अतिक्रमण, पुनर्वसन किंवा बिबट्याचा हल्ला यांच्या बातमीत येतात. 1997 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर झोपड्या हटवण्याचा प्रश्न पुढे आला, तेव्हापासून पाड्यांवरही विस्थापनाची टांगती तलवार आहे. पिढ्यान्पिढ्या इथे राहणाऱ्या माणसाला स्वतःचे राहणे सिद्ध करण्यासाठी कागद गोळा करावे लागतात, आणि त्याच माणसाच्या रोजच्या वाटेवरून आपण तिकीट काढून फिरतो.

बिबट्याचेच उदाहरण घ्या. 2004 साली उद्यानाच्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. त्यानंतरच्या वर्षांत वन विभागाने आणि अभ्यासकांनी पकडलेला बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडण्यातले धोके, कचऱ्यावर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांचा संबंध, अंधारात एकट्या मुलाला न पाठवणे अशा गोष्टी लोकांना समजावून सांगितल्या, आणि हे काम निःसंशय मोलाचे आहे. पण याच भागात वाघोबा नावाचा देव आहे. लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर कोरलेला वाघ, त्याच्या वर सूर्य-चंद्र आणि अंगावर शेंदूर, असे त्याचे रूप. बिबट्याही वाघोबाच. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत फिरून केलेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाघोबाच्या दीडशे स्थानांची नोंद झाली. त्याच्याशी वारल्यांचा एक प्रकारचा करार असतो. वर्षातून एकदा त्याचा मान द्यायचा, आणि त्याने गुरांना आणि माणसांना सांभाळायचे. हा मान देण्याचा दिवस म्हणजे वाघबारस, अश्विन वद्य द्वादशी. आपण शहरातले लोक त्याच दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो. एकाच तिथीला डोंगराच्या एका अंगाला गायीची आणि दुसऱ्या अंगाला वाघाची पूजा होते, हे मी चाळीस वर्षे बोरिवलीत राहून मला ठाऊक नव्हते, आणि मी इतिहास शिकवत होते! बिबट्यासोबत राहण्याचे हे जुने शहाणपण सांगण्याचा पहिला अधिकार ज्यांनी ते जपले त्यांचा आहे.

हे कसे घडू शकते याचा एक नमुना मी मुलीकडे कॅनडात व्हँकूवरला गेले असताना पाहिला. तिथे शहराच्या कुशीत सुमारे 400 हेक्टरचे स्टॅन्ली पार्क आहे. 1888 मध्ये ते सार्वजनिक उद्यान म्हणून खुले झाले. पण त्याआधी हजारो वर्षे ती मस्क्वीअम, स्क्वामिश आणि स्लेल-वॉटुथ या लोकांची भूमी होती. उद्यानाचा रस्ता तयार करताना तिथल्या ख्वायख्वाय या वस्तीजवळचा शिंपल्यांचा प्रचंड ढीग खणून तो वापरला गेला. पिढ्यान्पिढ्या केलेल्या जेवणांच्या त्या खुणा बग्ग्यांच्या चाकांखाली गेल्या. उरलेल्या कुटुंबांना घुसखोर ठरवून 1920 च्या दशकात सरकारने न्यायालयात खेचले. आज त्याच पार्कमध्ये मूळ रहिवासी समाजातील माणसे 'टॉकिंग ट्रीज' नावाची फेरी नेतात.

त्या फेरीत आमच्या मार्गदर्शक बाईंनी आधी आपले लोक कोणते, आजी कुठली हे सांगितले आणि मगच झाडांकडे वळल्या. देवदारासारख्या एका उंच वृक्षापाशी त्या बराच वेळ थांबल्या. त्याच्या सालीचे दोर, टोपल्या, पावसाळी कपडे आणि खोडाची होडी कशी होते ते सांगताना त्यांनी सालीची एक पट्टी आमच्या हाती दिली. तांबूस, लवचीक, नारळाच्या सुंभापेक्षा मऊ. साल एका बाजूने आणि थोडीच काढायची, म्हणजे झाड जगते, आणि काढण्यापूर्वी झाडाचे आभार मानायचे. एका पर्यटकाने कुठल्याशा औषधी वनस्पतीची मात्रा विचारली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या की हे आमच्या घरात सांगितले जाते, इथे नाही. त्या नकाराचे मला फार अप्रूप वाटले, कारण फेरी त्यांची नसती तर तो नकार त्यांना देता आला नसता.

स्टॅन्ली पार्कमधली आणखी एक गोष्ट आपल्याला बोचायला हवी. तिथले कोरीव, रंगीत टोटेम स्तंभ जगप्रसिद्ध आहेत. पण 1920 च्या दशकात उभारलेले पहिले स्तंभ दूर उत्तरेकडच्या लोकांकडून आणलेले होते. ज्यांची ती जमीन, त्यांच्या कलेतली मोठी प्रवेशद्वारे मस्क्वीअम शिल्पकार सुझन पॉइंट यांच्या हातून तिथे उभी राहिली ती 2008 मध्ये. म्हणजे 'आदिवासी कला' दिसत होती, तिथली माणसे मात्र दिसत नव्हती. आपल्याकडे वारली चित्रांचे याहून वेगळे काय झाले? सोसायट्यांच्या फाटकांवर, कुर्त्यांवर, चहाच्या कपांवर ती आहेत. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, त्यात पालघाट देवी असते आणि धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही, हे त्या कपातून चहा पिणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. मार्गदर्शकाला प्रशिक्षण हवे, सुरक्षेची जबाबदारी कोणाची, पर्यटकांना भाषा कळेल का, असे विचारले जाते. सुरक्षेपुरते वन विभागाचे नियम सर्वांना लागू राहावेत. गट दहा-बारा जणांचाच असावा. पण शास्त्रीय नावांची लेखी परीक्षा ही पात्रतेची अट करू नये, कारण तिने नेमकी जाणती माणसेच बाहेर राहतील. पाड्यांवरच्या शिकलेल्या मुला-मुलींनी दुभाष्याचे काम केले तर म्हाताऱ्यांचे शब्द त्यांच्याकडेही उतरतील. मराठी माणसाला वारली बोली थोडे कान देऊन ऐकली तर समजते, मला समजली.

त्याहून गंभीर प्रश्न वेगळा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार राष्ट्रीय उद्यानातून वनोपज काढण्यावर कडक निर्बंध आहेत, म्हणजे ज्या भाजीची माहिती आपण कौतुकाने ऐकणार ती खुडताना मावशींना धास्ती वाटणार. दुसरीकडे 2006 चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे, आणि जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा बौद्धिक संपदा हक्क त्याच्या कलम 3(1)(ट) मध्ये, म्हणजे इंग्रजी मसुद्यातील 'के' या उपकलमात, नमूद आहे. तेव्हा पाड्यांचे प्रलंबित दावे तसेच ठेवून फेऱ्या मात्र सुरू करणे हे वरवरचे रंगकाम ठरेल. ज्या पाड्याला नळाचे पाणी आणि वीज यांसाठी अर्ज करत बसावे लागते, त्याच्या संस्कृतीचे तिकीट छापताना प्रशासनाने दोन्ही फायली एकाच टेबलावर घ्याव्यात. दर, दिवस आणि वाट पाड्यांच्या बैठकीत ठरावी. घरे दाखवण्याची वस्तू होऊ नयेत. बोलावले तरच उंबऱ्यापर्यंत जावे, फोटो विचारून काढावा. आणि मोबदला ठरलेला असावा, पर्यटकाच्या मर्जीवरची बक्षिसी नव्हे.

त्या फेरीच्या शेवटी, डबे धुऊन होईपर्यंत थांबून, मी मावशींना विचारले की अशी फेरी तुम्ही न्याल का. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "नेईन की. पन शेवळांची जागा नाय दाखवनार." वन विभागाने फेऱ्यांची नियमावली करायला घेतली, तर ही अट तिच्यात पहिल्या क्रमांकावर लिहावी, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
बोरिवली (पूर्व), मुंबई