केमिस्ट्रीच्या पोरांना मशीनला हात लावू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात परदेशी शिक्षणावर बरंच छापून येतं पण ते बहुतेक कॉम्प्युटर, डेटा सायन्स नाहीतर एमबीएचं असतं, केमिस्ट्रीवाल्यांबद्दल क्वचितच काही येतं, म्हणून हे पत्र. मी मूळची तासगाव तालुक्यातली, बीएस्सी-एमएस्सी तिकडंच झालं आणि आता ॲडव्हान्स्ड स्पेक्ट्रोस्कोपी इन केमिस्ट्री या मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे पदार्थावर प्रकाश किंवा रेडिओ लहरी सोडून त्यात काय आहे ते ओळखायचं. हा कोर्स एकट्या युनिव्हर्सिटीचा नाही. फ्रान्समधलं लील मुख्य, आणि सोबत जर्मनीचं लाइपझिश, इटलीचं बोलोन्या, पोलंडचं क्राकूव, फिनलंडचं हेलसिंकी, नॉर्वेचं बर्गन. दोन वर्षं, १२० क्रेडिट, शिकवणं इंग्रजीत, आणि दोन वर्षांत निदान दोन देशांत शिकायचं. माझं पहिलं वर्ष लीलला झालं, आता लाइपझिशला आहे.

मागणी एकच आहे. आपल्याकडं बीएस्सी संपायच्या आत प्रत्येक पोराला स्वतःच्या हातानं सॅम्पल तयार करून निदान एक आयआर (इन्फ्रारेड किरणांचा) आणि एक एनएमआर (चुंबकात ठेवून रेडिओ लहरींचा) स्पेक्ट्रम, म्हणजे मॉलिक्यूलची ओळख पटवणारा आलेख, काढायला मिळालाच पाहिजे.

आपल्याकडं हा विषय कसा शिकवतात ते केमिस्ट्री केलेल्या सगळ्यांना माहितीय. परीक्षेच्या पेपरात येतं, फॉर्म्युला सी४एच८ओ२, आयआरमध्ये १७४० ला पीक (आलेखातलं टोक), एनएमआरमध्ये १.२६ ला ट्रिप्लेट तीन प्रोटॉनचा, २.०५ ला सिंगलेट तीनचा, ४.१२ ला क्वार्टेट दोनचा, स्ट्रक्चर ओळखा. प्रश्न वाचून संपायच्या आत उत्तर लिहून होतं, इथाइल ॲसिटेट. वुडवर्ड-फिझरचे नियम (मॉलिक्यूल कुठल्या वेव्हलेंथचा युव्ही प्रकाश शोषेल याचा हिशोब) तर झोपेतून उठवून विचारले तरी सांगू, होमोॲन्युलरला २५३, पुढं प्रत्येक अल्काइलला ५, एक्झोसायक्लिक डबल बाँडला ५. हे पाठांतर वाया जातं असं मी अजिबात म्हणत नाही, लीलच्या वर्गात थिअरीच्या तासाला आपल्याकडून गेलेली पोरं कुणाच्याच मागं पडत नव्हती आणि याचं श्रेय आपल्या मास्तर लोकांना आहे.

पण प्रॅक्टिकलला चित्र उलटं होतं. साधी गोष्ट, तोच इथाइल ॲसिटेट. दहाएक मिलीग्रॅम घ्यायचा, सॉल्व्हंट म्हणून ड्युटेरेटेड (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियमवाला) क्लोरोफॉर्म ०.६ मिली, पाच मिलीमीटरची ट्यूब, बोटांचे डाग पुसायचे, स्पिनरमध्ये बसवून गेजला लावून उंची बघायची, मग मशीनमध्ये सोडून लॉक, ट्यून, शिम, म्हणजे मशीन त्या सॅम्पलला जुळवून घ्यायचं. माझ्यासमोर स्क्रीनवर स्पेक्ट्रम आला तर पेपरातले तीन सिग्नल होते तिथंच होते, पण सोबत ७.२६ ला एक, १.५६ ला एक आणि २.१७ ला एक. पहिला क्लोरोफॉर्मचा, दुसरा सॉल्व्हंटमधल्या पाण्याचा. तिसऱ्याकडं बघून शेजारचा फ्रेंच मुलगा लगेच म्हणाला, ॲसिटोन आहे, कुणीतरी ट्यूब धुऊन नीट वाळवली नाही. तो माझ्यापेक्षा हुशार होता अशातला भाग नाही, त्यानं हे बॅचलरच्या दुसऱ्या वर्षातच डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या प्रश्नपत्रिकेत पाण्याचा पीक कधीच नसतो, ॲसिटोनचा कधीच नसतो, बेसलाइन कायम सरळ असते. खरं काम मात्र तिथंच असतं, कुठला सिग्नल माझ्या मॉलिक्यूलचा आणि कुठला कचऱ्याचा हे ठरवण्यात. औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला बसलेल्या माणसाला दिवसभर हेच ठरवायचं असतं.

रामन स्पेक्ट्रोस्कोपीचंही तसंच, त्यात सॅम्पलवर लेझर टाकून विखुरलेला प्रकाश बघतात. घरून आणलेल्या हळदीची चिमूट मी लीलला मशीनखाली ठेवली, ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर लावला तर फ्लुओरेसन्स (हळदीचं स्वतःचं चमकणं) इतका की सगळे पीक त्यात बुडून गेले, मग ७८५ चा लेझर लावल्यावर हळूहळू काहीतरी दिसायला लागलं. लेझर का बदलायचा याचं उत्तर पुस्तकात आहे, मी ते एमएस्सीला लिहून मार्कही मिळवलेत, पण ते डोळ्यासमोर घडताना बघितलं की आयुष्यभर विसरत नाही. २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्यात मर्क्युरी लॅम्प आणि छोट्या स्पेक्ट्रोस्कोपवर जे पाहिलं त्यावर हे सगळं उभं आहे, त्या दिवसाला आपण विज्ञान दिन म्हणतो, कॉलेजात पोस्टर लागतात, रांगोळ्या निघतात, आणि त्याच कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या पोरांनी रामन स्पेक्ट्रम निघताना कधी बघितलेला नसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मशीन नाहीत म्हणावं तर तसंही नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सैफ (बाहेरची सॅम्पलंही तपासून देणारं मोठ्या मशीनांचं केंद्र) आहे, आयआयटी मुंबईत आहे, पुण्यात एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथं आपली सॅम्पलं जातात, पण पाकिटातून जातात आणि रिपोर्ट पीडीएफमधून येतो, मधलं काहीच पोरांना दिसत नाही. कॉलेजांतही ग्रँटमधून घेतलेली आयआर, युव्ही मशीनं आहेत. मी जिथं शिकले तिथं आयआर होतं, कायम कव्हरखाली, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कमिटी आली की कव्हर निघायचं आणि कमिटी गेली की परत चढायचं. सरांची भीतीही मला कळते. आतल्या केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) खिडक्या पावसाळ्यात दमट हवेनं धुरकट होतात, दुरुस्तीचं बिल लाखात जातं, जबाबदारी कुणावर येणार. पण आता आयआरला लावायचं एटीआर मिळतं, हिऱ्याच्या क्रिस्टलवर चिमूटभर पावडर ठेवून वरून दाबायचं, केबीआरमध्ये सॅम्पल वाटून त्याची पेलेट (चकती) करणं नको, एका पोराचं काम पाच मिनिटांत उरकतं. आणि कुणी सॅम्पल घेताना मशीनवर श्वास सोडला तर २३५० च्या आसपास कार्बन डायऑक्साइड दिसतो, वर्गात आयआर शिकवायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

एनएमआर महाग पडतं हे मान्य. मोठ्या मॅग्नेटला लिक्विड हेलियम लागतं, उणे २६९ डिग्रीचं, ते प्रत्येक कॉलेजला झेपणार नाही. लीलला प्रचंड ताकदीच्या मॅग्नेटचं, १.२ गिगाहर्ट्झचं एनएमआर आहे, आम्हीसुद्धा ते बाहेरूनच बघितलं, शिकलो ३०० मेगाहर्ट्झवर. पण ६०-८० मेगाहर्ट्झची टेबलावर मावणारी मशीनं निघालीत, साध्या परमनंट मॅग्नेटवर चालतात, हेलियम लागत नाही, आणि इथाइल ॲसिटेटचा ट्रिप्लेट-क्वार्टेट त्यावर छान दिसतो. शिवाजी विद्यापीठाची अग्रणी महाविद्यालय योजना आहेच, एका कॉलेजभोवती आजूबाजूची कॉलेजं जोडलेली. अशा प्रत्येक गटात एक मशीन ठेवलं आणि बाकीच्या कॉलेजांना वार ठरवून दिले तर काय अडचण आहे?

ज्यांना बाहेर यायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून टाकते. युरोपियन युनियनची इरास्मस मुंडस स्कॉलरशिप मिळाली तर महिन्याला १४०० युरो मिळतात आणि फी भरावी लागत नाही, ती ज्या कोर्सला लागू आहे तिथं अर्ज आपण स्वतः करायचा असतो, त्यासाठी एजंटला लाख-दीड लाख देऊ नका. बीएस्सी तीन वर्षांची आहे म्हणून होणार नाही असं कुणी सांगितलं तर त्यावर सोडून देऊ नका, युरोपातही बॅचलर बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचीच असते, १८० क्रेडिटची. कोर्सच्या अटी स्वतः वाचा. आणि ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या वर्षांच्या मार्कांचा विद्यापीठाचा कागद) दिवाळीच्या आधीच अर्ज टाका, कारण बऱ्याच कोर्सची मुदत जानेवारी-फेब्रुवारीत संपते आणि आपल्याकडं परीक्षा विभागाच्या खिडकीवर "पुढच्या आठवड्यात या" ऐकण्यात डिसेंबर निघून जातो. माझ्या मैत्रिणीचं वर्ष निव्वळ त्या एका कागदापायी गेलं, तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते.

पण माझी मुख्य मागणी बाहेर येणाऱ्या मूठभरांसाठी नाहीच, जी पोरं कुरकुंभ, महाड, लोटे परशुरामच्या केमिकल कंपन्यांत कामाला लागणार आहेत त्यांच्यासाठी आहे. विद्यापीठांच्या बोर्ड ऑफ स्टडीजला (अभ्यास मंडळाला) माझी विनंती आहे की प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये स्पेक्ट्रमची झेरॉक्स चिकटवायची पद्धत बंद करा. प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतः काढलेला, तारीख आणि स्वतःचं नाव छापून आलेला एक स्पेक्ट्रम जर्नलला लावावा, त्यात पाण्याचा पीक असला तर असू दे, उलट तो कुठला ते तोंडी परीक्षेत विचारा आणि त्याला पाच मार्क ठेवा. येत्या वर्षापासून एका तरी सेमिस्टरला हे सुरू करा.

आपली,
केमिस्ट्रीची एक विद्यार्थिनी
लाइपझिश (मूळ ता. तासगाव, जि. सांगली)