अंतराळयानं पोहोचण्याआधीची चढाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लिऊ त्सिशिन यांच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या चिनी कादंबरीवरचा लेख वाचला. परग्रहवासी यानं घेऊन पृथ्वीवर चालून येतात, एवढंच त्यातून कळलं. निघतात खरी, पण पहिल्या भागात एकही यान पोहोचत नाही. चार प्रकाशवर्षांचं अंतर, चारशेहून जास्त वर्षं लागणार. (तोवर आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंटही झालेलं असेल.) आधी येऊन थडकतात ते प्रोटॉनएवढे संगणक. त्यांचं काम एकच, आपल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या प्रयोगांची रीडिंग्ज बिघडवायची.

माझी 31 वर्षं सबस्टेशनांतले रिले (बिघाड झाला की वीज तोडायला लावणारी उपकरणं) तपासण्यात गेली. ठरावीक करंट सोडला की रिले ठरावीक वेळेत ट्रिप व्हायला हवा. दहादा सोडा, दहादा तेच. एकदा भर पावसात रात्रपाळीला एक रिले दर खेपेला वेगळीच वेळ दाखवू लागला. आधी टेस्ट किट बदललं, मग वायरी, मग आम्ही एकमेकांवरच संशय घेऊ लागलो. पहाटे सापडलं: एक टर्मिनल ढिलं होतं. कादंबरीतल्या शास्त्रज्ञांना ते ढिलं टर्मिनल सापडतच नाही. काही जण जीव देतात. मला ते अतिशयोक्त वाटलं नाही.

तोच प्रयोग कुठेही केला तरी निकाल तोच यायला हवा, हे पुस्तकात बिलियर्डचं टेबल खोलीभर हलवून समजावलंय. आम्ही कॅरमवर करून पाहिलं. सोंगटी भोकाच्या तोंडाशी, पावडर टाकून स्ट्रायकर. बोर्ड हॉलमध्ये, पॅसेजमध्ये, शेवटी गॅलरीत. सगळीकडे पडली. "आणि इथे मारल्यावर ती समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर जाऊन बसली तर?" नातू आधी हसला, मग म्हणाला, "आजोबा, मग न्यूटनचं काय?" हाच तर प्रश्न!

लेखक वीजनिर्मिती केंद्रात कॉम्प्युटर इंजिनिअर होते, हेही लेखात यायला हवं होतं. आमच्यातलाच माणूस. आणि त्या परक्यांना बोलावतं कोण? माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, 1967 साली, प्राध्यापक वडिलांना लाल रक्षकांनी (माओच्या तरुण समर्थकांनी) ठार मारताना पाहिलेली मुलगी. 'उत्तर देऊ नका' असा इशारा पलीकडूनच आलेला असतो. तो वाचूनही ती उत्तर देते. या बाईबद्दल लेखात एक ओळ नाही!

पुढच्या दोन भागांवर लिहिणार असाल तर शेवट तेवढा सांगू नका. नातू अजून दुसऱ्या भागातच आहे.

आपला,
एक निवृत्त टेस्टिंग इंजिनिअर,
मुलुंड (पूर्व), मुंबई