आत्मा नाही, मग हिशेब कुणाचा?

प्रिय सुजाता,
जय भीम.

"तुम्ही आत्माच मानत नाही, मग चांगलं वागायचं ते कुणासाठी?" हा तुझ्या रूममेटचा प्रश्न फार जुना आहे. बुद्ध श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारात प्रवचन देत होते, तेव्हा एका भिक्खूच्या मनात नेमकं हेच आलं. रूप म्हणजे शरीर अनात्म, म्हणजे आत्मा नव्हे; वेदना म्हणजे सुखदुःखाची जाणीव, तीही अनात्म; सगळंच अनात्म. मग अनात्माने केलेली कर्मं कुठल्या आत्म्याला लागणार? बुद्धांनी त्याला नवा सिद्धांत सांगितला नाही. आपण ज्यांना मिळून "मी" म्हणतो त्या पाच भागांना स्कंध म्हणतात. त्यातला एकेक स्कंध घेऊन जुनेच प्रश्न पुन्हा विचारले: हे नित्य की अनित्य? अनित्य असेल तर सुख की दुःख? आणि जे अनित्य, दुःख आणि बदलणारं आहे, त्याला "हे माझं, हा मी, हा माझा आत्मा" म्हणणं योग्य आहे का?

अनिच्च, दुक्ख, अनत्ता (पालीत अनित्य, दुःख, अनात्म) या तीन वेगवेगळ्या श्रद्धा समजून पाठ केल्या तर गोंधळ होतो. ती एकच तपासणी आहे आणि तिचा क्रम महत्त्वाचा. पहिल्या दोन पायऱ्या वगळून थेट "मी नाही" वर उडी मारली की ते वाक्य एक तर पोकळ वाटतं, नाहीतर भीतीदायक.

आपल्याकडे कुणी गेल्यावर पुण्यानुमोदनाला "अनिच्चा वत संखारा", म्हणजे जुळून आलेलं सगळं अनित्य आहे, असं म्हणतात, त्यामुळे अनित्य म्हणजे मरण असं डोक्यात पक्कं बसतं. पण मरण हे त्याचं फार ढोबळ उदाहरण झालं. राग आला, टिकला, ओसरला, हेही अनित्यच. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये याची दुसरी बाजू दाखवली आहे: सगळं नित्य असतं तर वाढ आणि बदल शक्यच झाले नसते. जातीची उतरंड कायमची आहे असं मानणाऱ्या समाजात हे तत्त्व किती स्फोटक आहे, ते तुला वेगळं सांगायला नको.

दुःखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. दाढ दुखते, ते दुक्ख-दुक्ख. हवी ती नोकरी मिळते आणि दोन महिन्यांत तिची गोडी उतरते, ते विपरिणाम-दुक्ख. तिसरं संखार-दुक्ख, ते पटकन ध्यानात येत नाही: जे जे कारणांनी जुळून आलं आहे, ते टिकवायला सतत काही ना काही करत राहावं लागतं. शरीराला अन्न, झोप, औषध. नावाला लोकांची मान्यता. "बौद्धांना सगळं दुःखच दिसतं" असं कुणी म्हणालं तर हा तिसरा प्रकार समजावून सांग. सुखद वेदना असतेच, ती कुणी नाकारलेली नाही.

आता अनत्ता. सारनाथला पहिल्या प्रवचनानंतर बुद्धांनी त्याच पाच भिक्खूंना अनत्तलक्खण सुत्त सांगितलं. त्यातला मुख्य मुद्दा ताब्याचा आहे. रूप जर आत्मा असतं, तर "माझं रूप असं असो, असं नसो" म्हणताच ते तसं झालं असतं. तसं होत नाही. हीच कसोटी उरलेल्या चार स्कंधांनाही लावली आहे: वेदना, संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या घडणी) आणि विज्ञान (जाणणं). तू स्वतः करून बघ: "पुढची पाच मिनिटं एकही विचार येऊ देणार नाही" असं ठरव. विचार येतील. ते तुझ्या हुकुमाने येत नसतील, तर त्यांचा मालक म्हणून जो कुणी आत बसला आहे असं वाटतं, त्याचा अंमल कशावर चालतो?

याचा अर्थ "सुजाता नाही" असा नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात मिलिंद राजाने नागसेन भिक्खूंना हेच विचारलं होतं: आत्मा नाही, तर नागसेन कोण? उत्तरात नागसेनांनी रथ दाखवला: चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, तरी सगळे भाग जुळले की रथ हे नाव व्यवहारात चालतं. तसंच सुजाता हे नाव चालतं, परीक्षेचा फॉर्मही त्याच नावाने भरायचा.

कर्माच्या हिशेबाचा मुद्दाही त्याच संवादात आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जळणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नाही, पण पूर्ण वेगळीही नाही. पहिलीच्या आधारानेच दुसरी आहे. काल खोटं बोललेली सुजाता आणि आज त्याचे परिणाम भोगणारी सुजाता यांचं नातं असंच. न बदलणारा आत्मा मानला तर उलट अडचण होते: जो बदलतच नाही तो सुधारणार कसा? इथे एक फरक लपवू नकोस. थेरवाद, म्हणजे पाली ग्रंथांवर चालणारी जुनी बौद्ध परंपरा, हा प्रवाह मरणानंतरही पुढे नेते. बाबासाहेबांनी आत्म्याचं संक्रमण नाकारलं, आणि मागच्या जन्मीचं कर्म या जन्मीची गरिबी ठरवतं हेही नाकारलं. रूममेटशी बोलताना दोन्ही भूमिका वेगवेगळ्या मांड, त्यांची खिचडी करू नकोस.

वाचून हे कळतं, पण मुरत नाही. कोसंबीजवळ आजारी असलेल्या खेमक भिक्खूंनी वडीलधाऱ्या भिक्खूंना प्रामाणिकपणे सांगितलं की, पाच स्कंधांत मला आत्मा दिसत नाही, पण "मी आहे" ही भावना गेलेली नाही. कापड धुतलं तरी धुण्याच्या क्षाराचा वास मागे राहतो, तशी ती आहे. म्हणून रोज वीस मिनिटं बस.

पहिली दहा मिनिटं नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास फक्त जाणायचा. तो खोल किंवा लांब करायचा नाही. करायला लागलीस की प्राणायाम सुरू होतो, तो वेगळा विषय आहे. मन भटकलं की परत आणायचं, स्वतःवर चिडायचं नाही. पुढची दहा मिनिटं डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं: उष्णता, खाज, दाब, मुंग्या, कुठे काहीच नाही. प्रत्येक ठिकाणी एवढंच पाहायचं की ती सुखद, दुःखद की दोन्ही नाही, आणि मन तिच्याकडे ओढलं जातंय की तिला ढकलतंय.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. एक, "अनिच्च, अनिच्च" असा जप सुरू होतो आणि बघणं थांबतं. दोन, नकोशी वेदना जावी म्हणून तिच्याकडे बघत बसणं. वरून ते मनाच्या समतोलासारखं दिसतं, पण आत तृष्णाच असते, आणि वेदना गेली नाही की चिडचिड होते. सल्ल सुत्तातले दोन बाण आठव: पहिला शरीराला लागतो, दुसरा "हे मलाच का" म्हणून मनाला. अभ्यास दुसऱ्या बाणाचा आहे. पहिला काढायला डॉक्टर आहे. तिसरी चूक सगळ्यांत वाईट: दुसऱ्याच्या दुःखावर अनित्याचं औषध फेकणं. मैत्रिणीचे वडील गेले असताना "सगळं अनित्य आहे" म्हणू नकोस. तिच्याजवळ बस, डबा घेऊन जा. अन्याय झाला असेल तर तक्रार नोंदव. "हेही जाईल" म्हणून गप्प बसणं हा धम्म नव्हे.

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचं विचारलं होतंस. तिथे पाच शील, मौन, पहाटे 4 ला घंटा आणि दिवसाला सुमारे दहा तास ध्यान असतं. पहिले तीन दिवस श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे वर सांगितलं तसं संवेदना बघणं. फॉर्ममध्ये मानसिक आरोग्याबद्दल विचारतात, तिथे काहीही लपवायचं नाही. मधेच सोडून येणं बरं नाही, म्हणून परीक्षेच्या तोंडावर जाऊ नकोस.

घरी बसताना गुडघा फार ठणकला तर पाय बदल किंवा खुर्चीवर बस. सांधा दुखावण्यात कसली साधना नाही. कधी "मी खरी नाहीच" अशी विचित्र परकेपणाची भीती दाटून आली तर लगेच थांब, डोळे उघड, चार पावलं चाल, काही खा, कुणाशी तरी बोल. ती भीती म्हणजे अनत्ताचा साक्षात्कार नव्हे. पुन्हा पुन्हा आली तर ध्यान बंद ठेव आणि आधी डॉक्टरला भेट.

रूममेटला घेऊन घरी आलीस तर कपाटातला मज्झिम निकाय, म्हणजे बुद्धांच्या सुत्तांचा संग्रह, काढून ठेवतो. पूर्वारामातलं ते सुत्त महापुण्णम नावाचं आहे, क्रमांक 109. तिला स्वतःच वाचू दे.

तुझे,
बाबा