आमवाताच्या फाइलीत हृदयाचं पान हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ ऑक्टोबरच्या जागतिक संधिवात दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेलं पान मी दोनदा वाचलं. गरम पाण्याचा शेक, बोटांचे व्यायाम, वजन आटोक्यात ठेवा, सगळं योग्यच आहे. पण अख्ख्या पानात हृदय हा शब्द एकदाही आला नाही. तो यायला हवा होता, म्हणून हे पत्र.

मी विट्यात ३१ वर्षं औषधाचं दुकान चालवतो. माझ्या पत्नीला १४ वर्षं आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस हा संधिवाताचा प्रकार, होता. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी घट मांडून झाला, चहा झाला आणि संध्याकाळच्या नैवेद्याची मेथी निवडता निवडता ती स्वयंपाकघरात कोसळली. वय ५३. दवाखान्यात नेलं तेव्हा ईसीजीवर सरळ रेघ होती.

आधीचे दोन दिवस ती म्हणत होती, "जीव घाबरा होतोय, पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मध्ये भरून आल्यासारखं वाटतंय." जिना चढून आली की उंबऱ्यावरच बसायची. छातीत दुखतंय असं तिनं एकदाही म्हटलं नाही. इतकी वर्षं रोजची दुखणी काढलेल्या बाईच्या अंगात नवं दुखणं कुठलं आणि जुनं कुठलं, हे तिला तरी कसं कळावं? मी पित्ताची एक गोळी आणि वेदनाशामक एक गोळी दुकानातून आणून दिली. औषधवाल्याच्या घरात डॉक्टरच्या आधी दुकानाची फळी गाठली जाते.

ती पडली तेव्हा घोरल्यासारखा, अडखळत श्वास घेत होती. श्वास चालू आहे, म्हणजे चक्कर आली असणार, असं मी धरून चाललो. तोंडावर पाणी मारलं. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाशी धरला, मुलानं तळपाय चोळले. खरं तर तो श्वास नव्हताच. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं शरीर तशी धडपड करतं. आचके देणं हा शब्द आपल्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि डोळ्यांसमोर आचके चालू असताना बी.फार्म. झालेल्या मला ते ओळखता आले नाहीत. माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं दिसलं की नाडी शोधत बसायचं नसतं. एकानं १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध, हातावर हात ठेवून, मनगटाजवळच्या भागानं दाबायला लागायचं. निदान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत न थांबता. छाती दाबणं आणि यंत्रानं दिलेला विजेचा शॉक, दोन्ही मिळालं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. आम्ही कांदा शोधण्यात आणि गाडी काढण्यात अकरा मिनिटं घालवली.

दिवसकार्य उरकल्यावर मी तिची फाइल काढून बसलो. प्लॅस्टिकच्या जाड फोल्डरमध्ये १४ वर्षांचे कागद होते. हाताचे एक्स-रे, दर तीन महिन्यांचे ईएसआर, सीआरपी (अंगातला दाह मोजणाऱ्या रक्ततपासण्या), लिव्हरचे रिपोर्ट. स्टेरॉइडमुळे तिला मोतीबिंदू लवकर आला होता, त्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी काढलेला ईसीजीही त्यातच होता. गुलाबी चौकटींच्या त्या कागदावर वरच्या कोपऱ्यात यंत्रानंच बारीक अक्षरात इंग्रजीत छापलं होतं की, हृदयविकाराचा जुना झटका येऊन गेल्याची शक्यता आहे, तपासून पाहावे. त्याच कागदावर खाली 'फिट' असा शेरा आणि सही. ओळखीच्या एका फिजिशियनना मी तो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तेव्हाच पुढे तपासायला हवं होतं." तो कागद आमच्या घरात दीड वर्ष पडून होता. माझ्याच हातानं मी तो फाइलीत लावला होता.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतो आहे. अमेरिकेत मिनेसोटामधल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी रोचेस्टर भागातल्या आमवाताच्या ६०३ रुग्णांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. कळतही नाही असा झटका येऊन जाण्याचं प्रमाण या रुग्णांत आमवाताचं निदान होण्याआधीच्या दोन वर्षांत इतरांच्या सहापटीच्या जवळ, आणि निदानानंतर दुपटीच्या जवळ होतं. अचानक हृदय थांबून मृत्यू येण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. आणि छातीत दुखण्याची तक्रार मात्र इतरांपेक्षा कमी. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं तर सांगून ठेवलंय की, आमवाताच्या रुग्णाचा हृदयविकाराचा धोका नेहमीच्या कोष्टकानं काढला, तर येणाऱ्या आकड्याला दीडनं गुणायचं.

असं का होतं, हे मला जसं समजलं तसं सांगतो. आमवात हा सांध्यांत दिसतो, पण दाह सगळ्या अंगात असतो. सांध्याच्या अस्तराला सूज आणणारी रसायनं रक्तातून फिरतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही सूज आणतात. तिथली चरबीची गाठ मोठी नसली तरी कच्ची राहते, फुटते, आणि गुठळी होऊन रक्त अडतं. हा हार्ट अटॅक. त्यातून किंवा त्याशिवायही ठोक्यांची लय बिघडून हृदय एकदम थांबतं, तो कार्डिअ‍ॅक अरेस्ट. दाह वाढवणारी काही रसायनं हृदयाच्या विजेवरही परिणाम करतात. ईसीजीवर क्यूटी नावाचं अंतर असतं, ते लांबतं, आणि असं लांबलेलं अंतर जीवघेण्या लयीला वाट देऊ शकतं. ल्युपस, सोरायसिस, कण्याचा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस यांतही हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. ल्युपसमध्ये तर ऐन चाळिशीतल्या बायकांना झटके येतात.

कोलेस्टेरॉलचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे मी स्वतः फसलो. तिचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ८४ आलं होतं आणि मी घरी पेढे नेले होते. आमवात जोरात असतो तेव्हा कोलेस्टेरॉल उलट खाली येतं, धोका मात्र वरच असतो. दाह भडकलेला असताना आलेल्या चांगल्या रिपोर्टवर विसंबून राहू नये, हे मला ३१ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

आता गोळ्यांबद्दल. डायक्लोफेनॅक हे चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे. तरी आमच्या धंद्यात ते "दुखण्याची पट्टी" म्हणून सर्रास जातं, माझ्या दुकानातूनही वर्षानुवर्षं गेलं. रोज, महिनोन्‌महिने घेतलेल्या वेदनाशामकानं हृदयाचा धोका वाढतो. ज्याला आधीच हृदयविकार आहे त्याला डायक्लोफेनॅक देऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकानं २०१३ मध्ये स्पष्ट केलं. त्याआधी २००४ च्या सप्टेंबरात रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचं गाजलेलं औषध याच कारणानं जगभरातून मागे घेतलं गेलं. त्याच्या पट्ट्या मी स्वतः मोजून होलसेलरकडे परत पाठवल्या आहेत. तरी धडा घेतला नाही.

हे वाचून कुणी घाबरून मेथोट्रेक्सेट किंवा एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) ही आमवाताची औषधं बंद करू नका, ही हात जोडून विनंती. दाह ताब्यात असला तर हृदयालाही आराम असतो. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णांत हृदयविकार कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. एचसीक्यूनं क्यूटी लांबू शकतं, म्हणून त्यासोबत अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक स्वतःच्या मनानं घेऊ नये आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा ईसीजी काढावा. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं लोकांनी एचसीक्यूचे डबेच्या डबे नेले, सरकारला त्याच्या विक्रीला एच-१ परिशिष्टाचे, म्हणजे चिठ्ठी पाहून नोंद ठेवूनच विकण्याचे, नियम लावावे लागले, आणि ज्यांचं ते रोजचं औषध होतं त्या बायका रिकाम्या हातानं परत गेल्या. त्यात माझी पत्नीही होती, हे सांगायला आज लाज वाटते.

असे रुग्ण थोडेथोडके नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये घरोघरी पाहणी सुरू केली, तीत दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आमवात आढळला. म्हणजे मोठ्या गावात प्रत्येक आळीत एखादी तरी बाई. सांध्यांच्या डॉक्टरांना हात दिसतात, हृदयाच्या डॉक्टरांकडे ती जातच नाही, आणि मधली जागा कुणाचीच नसते. माझी मागणी साधी आहे. आमवाताच्या प्रत्येक फाइलीत हृदयाचं एक पान असावं. त्यावर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, तंबाखू-मिश्री आहे की नाही, हे दरवर्षी लिहिलं जावं, आणि ते कुणीतरी वाचावं. छाती दाबण्याचं शिक्षण तर तासाभराचं आहे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी तोंडानं श्वास न देता फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत ठरवून दिली आहे. ती बचत गटाच्या बैठकीत, शाळेत, गणेश मंडळात शिकवता येईल. आपल्या दैनिकानं चित्रांसह अर्धं पान छापलं, तर मी ते दुकानाच्या दारावर लावीन.

परवा एक बाई आली. आमवाताला बारा वर्षं झालेली, बोटं बाजूला वळलेली. बटव्याची चेन तिनं दातानं उघडली. म्हणाली, "दादा, ती नेहमीची पिवळी गोळी द्या दहा." मी दिली नाही. खुर्चीवर बसवलं, रक्तदाब घेतला, १६८ आला. ईसीजी काढायला सांगितलं तर म्हणाली, "छातीत काही नाही हो माझ्या, बोटांचं बघा." मी एका कागदावर फिजिशियनसाठी लिहून दिलं: 'आमवात, १२ वर्षं. जिना चढताना दम लागतो. हृदय तपासावे.' तिनं कागदाची घडी घालून ती बटव्यात ठेवली. सोमवारी बाजारच्या दिवशी परत येते म्हणालीय.

कळावे,
आपला,
एक औषध विक्रेता, विटा (जि. सांगली)