‘हंटिंग्टन बरा होणार’ या मथळ्याबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारावर ‘हंटिंग्टन आता बरा होणार’ अशी चौकट आली आणि नऊ वाजायच्या आत मला तीन फोन आले. तिसरा थोरल्या काकूंचा. काका याच आजारानं गेले, आता त्यांचा मुलगा अंथरुणाला खिळलाय. ‘‘किती दिवसांत मिळेल गं ते औषध?’’ एवढंच त्यांनी विचारलं. त्यांना जे सांगावं लागलं, तेच तुम्हालाही कळवते.

सप्टेंबर २०२५ मध्ये युनिक्योर कंपनीनं एएमटी-१३० या उपचाराचे तीन वर्षांचे आकडे जाहीर केले. जास्त मात्रा दिलेल्या रुग्णांमध्ये आजार वाढण्याचा वेग सुमारे ७५ टक्क्यांनी मंदावला. मंदावला, थांबला असं कुणी म्हटलेलं नाही. तीन वर्षं पूर्ण झालेले असे रुग्ण होते १२. आणि हे औषध म्हणजे गोळी नव्हे. कवटीला छिद्र पाडून, बारीक नळीनं, निरुपद्रवी केलेला विषाणू मेंदूत खोलवर सोडतात. शस्त्रक्रिया चालते बारा ते अठरा तास. मग बिघडलेलं हंटिंग्टिन प्रथिन पेशींत कमी तयार होतं. बातमी मोठी आहेच, मीही ती चारदा वाचली. पण ‘बरा होणार’ हे शब्द काकूंच्या घरात काय करतात, ते तुमच्या उपसंपादकांनी एकदा येऊन बघावं.

आमच्या आजोबांचे हातपाय आपोआप हलायचे, तेव्हा गावानं ‘अंगात येतं’ म्हणून नारळ फोडले. बाबा शिक्षक. एकेचाळिसाव्या वर्षी त्यांची फळ्यावरची अक्षरं ओळ सोडायला लागली, चाल झोकांड्या खाणारी झाली. मास्तर पिऊन वर्गात येतात, अशी तक्रार गेली. आयुष्यात सुपारीचं खांड न चघळलेला माणूस! नाव कळलं ते पुढे सहा वर्षांनी. टेट्राबेनाझिन या औषधानं हालचाली थोड्या आवरल्या, बाकी काही आवरलं नाही.

चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. पस्तीस वेळांपर्यंत ठीक, चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार होतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला निम्मी शक्यता. मी सत्तेचाळीसची आहे, बँकेत कॅशवर बसते. नोटा मोजताना एखादी निसटली की मी बोटांकडे बघत राहते. तपासणी केलेली नाही.

माझा मुलगा बावीसचा. त्याला करायची आहे. समुपदेशक बाईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला, ‘‘आईशी बोललास का?’’ कारण त्याच्या रिपोर्टात दोष निघाला, तर तो माझाही रिपोर्ट. त्याला नको म्हणायचा मला अधिकार नाही, आणि मला ते कळून घ्यायचं नाही. गेले आठ महिने आमच्या घरात या विषयावर जेवणं अर्धी टाकून उठणं चाललंय. शंभर किलोमीटर प्रवास करून आम्हाला त्या बाई भेटल्या. रक्त घ्यायला मात्र गल्लीतली लॅबही तयार आहे!

हे जनुक सापडलं कसं, तेही छापायला हवं होतं. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी गरीब कोळ्यांच्या वस्त्यांत हा आजार घरोघरी होता. अमेरिकी संशोधक नॅन्सी वेक्सलर १९७९ पासून तिथे जात राहिल्या, हजारो लोकांनी त्यांना रक्त दिलं. १९८३ मध्ये जनुकाचा माग लागला, १९९३ मध्ये जनुक हाती आलं. वेक्सलर यांच्या आईला हाच आजार होता. २०२० मध्ये त्यांनी स्वतःलाही तो असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्या कोळ्यांनी लपवलं नाही म्हणून आज १२ रुग्णांची बातमी होते. त्यांच्या वस्त्यांत मात्र दारिद्र्य होतं तसंच आहे.

आम्ही लपवतो. सोयरीक जुळवताना ‘कंपवात होता’ म्हणतो. विम्याच्या अर्जात आईवडील कशानं गेले हे विचारतात, तिथे हात थांबतो. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आरोग्य विम्यात जनुकीय आजार सरसकट वगळण्याला चाप लावला, ते चांगलंच झालं. पण अमेरिकेत २००८ पासून जनुकीय माहितीवरून आरोग्य विम्यात आणि नोकरीत भेदभाव करायला बंदी करणारा खास कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही. तो होईपर्यंत कुठलं कुटुंब रुग्णांच्या नोंदवहीत नाव घालायला पुढे येईल? आणि नोंदच नसेल, तर उद्या एखाद्या चाचणीसाठी इथले रुग्ण शोधायचे कुठून? पुढच्या पुरवणीत यावर एक पान द्या.

पत्राखाली नाव छापू नये ही विनंती. लपवू नका म्हणणारीच नाव लपवते, हे मला दिसतंय. भाचीसाठी स्थळं बघणं सुरू आहे, आणि भावानं तिच्या सासरी काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

— एक वाचक, सातारा