माथेरानच्या काकूंना, आम्हाला येऊ न दिल्याबद्दल

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण माथेरानला खोल्या देणाऱ्या एका बाईंनी मे महिन्याच्या शेवटी, ऐन सीझनला, पक्कं झालेलं बुकिंग आपणहून सोडलं आणि घेतलेला अ‍ॅडव्हान्स त्याच संध्याकाळी परत केला, हे चार जणांना कळायला हवं.

मला सहावा महिना लागला होता. डोंबिवलीच्या उकाड्यात रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सगळं व्यवस्थित आहे, चार दिवस कुठेतरी जाऊन या. सासूबाईंचा जीव मात्र घाट म्हटलं की वरखाली व्हायचा. मला माथेरानच हवं होतं. मोटारींचा आवाज नाही, दाट झाडी, आणि १९०७ पासून धावणारी ती छोटी गाडी! बुकिंगच्या फोनवर ह्यांनी तुम्हाला बोलता बोलता माझ्या दिवसांचं सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "तिला द्या फोन."

तोवर ज्याला विचारावं तो पॉइंट सांगत होता. कुठून सूर्यास्त छान दिसतो, कुठे काय खायचं. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "रात्री किती वेळा उठतेस, बाळ? खाली बसायला जमतं का, की कमोड लागतो?" मग तुमच्याच गावाचं सगळं खरं खरं सांगितलंत. दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची, तिथून वर मोटारी येत नाहीत. पुढे मिनीट्रेनची शटल मिळाली तर बरं, नाहीतर बाजारापर्यंत अडीच किलोमीटर लाल धुळीतून चढ-उतार. घोड्यावर तू अजिबात बसायचं नाही. रिक्षा मिळाली तरी दगडधोंड्यांवरून धक्के बसायचेच. नेरळहून मिनीट्रेनने यायचं तर दोन तासांच्या वर, मध्ये लघवीला लागली तर काय करशील? आणि शेवटी, "इथे दवाखाना आहे, अ‍ॅम्ब्युलन्स आहे. पण रात्री काही झालं आणि मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, तर अख्खा घाट उतरावा लागेल. माझ्या जिवाला घोर लागेल गं."

धंदा करणारं माणूस स्वतःच्या जागेबद्दल इतकं स्पष्ट बोलतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. नुसतं नको म्हणून फोन ठेवला असतात तरी तुमचे उपकारच होते. तुम्ही लोणावळा सुचवलंत. शनिवार-रविवार टाळून, तुंगार्लीच्या बाजूला, तळमजल्यावरची खोली. हेही लपवलं नाहीत की लोणावळा माथेरानपेक्षा खाली आहे, दुपारी गरम होईल, पण संध्याकाळी वारं सुटतं. तुमच्या ओळखीच्या ताईंना फोन करून पायऱ्या किती, बाथरूम खोलीतच आहे ना, प्यायचं पाणी उकळलेलं मिळेल ना, हे तुम्हीच विचारून घेतलंत. मोटारीने नको, कल्याणहून डेक्कन एक्सप्रेस पकडा, हाही तुमचाच सल्ला. "गाडीत उठून चार पावलं टाकता येतात, पाय लोंबकळत ठेवून बसावं लागत नाही." सासूबाईंशीही तुम्ही बोललात. तुमचं काय बोलणं झालं ते त्या अजून सांगत नाहीत, पण फोन ठेवल्यावर त्या मेथीचे ठेपले करायला उठल्या!

प्रवास खरंच सोपा झाला. कर्जतला घाट चढायला मागून इंजिनं लागली, तेवढ्या वेळात मी डब्यात एक फेरी मारून आले. लोणावळ्यात आम्ही काहीही पाहिलं नाही. भुशी डॅमच्या वाटेलाही गेलो नाही. सकाळी तुंगार्लीच्या तलावाकडे सावकाश चालायचं, दारावर आलेल्या बाईकडून करवंदं-जांभळं घ्यायची, ती नीट धुऊन खायची, आणि झोपायचं. फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि रक्तगटाचा कागद तुम्ही सांगितल्याप्रमाणे उशाशीच होता. तो लागला नाही, पण होता म्हणूनच झोप लागली. एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि मी खिडकीत बसून कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. पोटातली स्वारीही त्या दिवशी भलतीच खुशीत होती.

काकू, मला त्या दिवसांत सल्ले पुष्कळ मिळाले. हे खा, ते खाऊ नको, इकडे जा, तिकडे नको. त्यातल्या कुणालाही माझी रात्र कशी जाते ते विचारावंसं वाटलं नव्हतं. तुम्ही मला पाहिलंही नव्हतं, तरी विचारलंत. हे मी विसरणार नाही.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत. पाऊस संपून थंडी पडली की तिला घेऊन तुमच्याकडे यायचं ठरवलंय, डॉक्टरांना विचारून. सासूबाईही येणार आहेत, त्यांना तुम्हाला भेटायचंय. दिवाळीची गर्दी ओसरल्यावरची तारीख तुम्हीच कळवा.

तुमची,
डोंबिवलीची लेक