दारावरचा कसारा घाट

गाइसलिंगन, जर्मनी, 9 नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांना,
मनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्या वाटेत मोडल्या होत्या, पण चुरासुद्धा दह्यात कालवून संपवला. अनारसे पुरवून पुरवून खातेय. तब्येत उत्तम आहे. ड्यूटी, जेवण, थंडी हे सगळं रविवारी फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. पत्र मुद्दाम कागदावर लिहिलं, कारण सोबत छापून घेतलेले मोठे फोटो पाठवतेय. मोबाइलवर बाबांना ते नीट दिसायचे नाहीत, आणि ऑपरेशननंतर डोळ्याला ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

आई, मागच्या रविवारी तू विचारलंस, "इतक्या लांब जाऊन खेळण्यातल्या आगगाड्या घेत बसलीस का गं?" ड्यूटीला निघायची घाई होती म्हणून तेव्हा धड बोलले नाही. आता सांगते. विकत घेतलेलं फार थोडं आहे, बहुतेक सगळं मिळालेलं आहे. आणि बनवतेय तो छोट्या मापातला आपला कसारा घाट आहे.

याची सुरुवात या गावामुळेच झाली. गावाच्या पूर्ण नावाचा अर्थच 'चढाजवळचं गाइसलिंगन' असा आहे. इथला रेल्वेचा चढ 1850 साली सुरू झाला, म्हणजे आपल्या थळ (कसारा) घाटाच्या पंधरा वर्षं आधी. साडेपाच किलोमीटर लांब, साधारण 1 इन 44, म्हणजे 44 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. जड मालगाडी आली की इथे अजूनही मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावतात. रात्रपाळी संपवून घरी येताना एकदा ते मागचं इंजिन कण्हत कण्हत ढकलताना दिसलं आणि मी पुलावर थांबूनच राहिले. त्या रविवारी बाबांना सांगितलं. नाहीतर बाबा फोनवर 'हं, बरं, आईशी बोल' एवढंच म्हणतात. त्या दिवशी मात्र म्हणाले, "आपला 1 इन 37 आहे." आणि पुढे पस्तीस मिनिटं बोलले. रिटायर झाल्यापासून बाबा इतकं सलग बोललेले मी ऐकलेले नाहीत. तेव्हाच ठरवलं की घाट करायचा.

आता सामान कुठून आलं, ते. इथली एक रीत मला समजायलाच सहा महिने लागले. घरातली वस्तू नकोशी झाली, पण चांगली असली, तर माणसं ती खोक्यात घालून फाटकाबाहेर फुटपाथवर ठेवतात आणि वर चिठ्ठी लावतात, 'त्सू फेरशेंकन'. म्हणजे देऊन टाकायचंय, ज्याला हवं त्याने न्यावं. बेल वाजवून विचारायचं नाही, पैसे ठेवायचे नाहीत, आभार मानायला थांबायचंही नाही. कपबशा धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतात. घड्याळ असेल तर 'चालू आहे' असं त्यावर लिहिलेलं असतं. आभाळ आलं तर खोक्यावर प्लास्टिक घालतात. आपल्याकडे दारातली वस्तू उचलली तर ती चोरी, आणि टाकलेली उचलली तर त्याहून लाजिरवाणं. त्यामुळे मी अशा खोक्यापाशी मान वळवून पुढे जायची. एकदा तिठ्यावर असं खोकं दिसलं तेव्हा कुणी उतारा तर ठेवला नाही ना, असंही मनात येऊन गेलं. शेवटी वॉर्डातल्या एका सिस्टरने मला हाताला धरून एका खोक्यापाशी नेलं आणि म्हणाली, "तू नेलं नाहीस तर ज्याने ठेवलं त्याला वाईट वाटेल." त्यातली किटली अजून वापरतेय. तेव्हा आई, मनू रस्त्यावरचं उचलते असं मावशीला सांगू नकोस. कचऱ्याचे डबे वेगळे असतात, त्यांना मी हात लावत नाही. इथे डॉक्टरसुद्धा खोक्यातली पुस्तकं चाळताना मी पाहिलेत.

अशाच एका घराबाहेर खोलीचं जुनं दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पोकळ, हलकं आणि अगदी सपाट, दोन मीटरला जरा कमी लांब आणि 86 सेंटीमीटर रुंद. तेच घाटाची बैठक झालं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी ते जिन्यातून वर चढवायला मदत केली. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांची मुलगी शेजारच्याच गल्लीत राहते, तेव्हा काळजी करू नकोस. हे कशासाठी म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तळघरातून बुटांची तीन खोकी भरून रूळ घेऊन आले, त्यांच्या मुलाच्या लहानपणचे. इथून जवळच ग्योपिंगनला मेर्कलिन नावाची छोट्या गाड्यांची कंपनी आहे, 1859 पासूनची, त्यामुळे या भागात निम्म्या तळघरांत असे रूळ पडून असतात, असं ते म्हणाले. यांचे मात्र साध्या दोन रुळांच्या पद्धतीचे निघाले, 12 व्होल्ट डीसीवर चालणारे. बाबांच्या घाटात 1500 व्होल्ट डीसी होती तशीच, फक्त यात शॉक बसायची भीती नाही.

बाबा, फोटोत रूळ तुम्हाला अरुंद वाटतील, म्हणून आधीच सांगते. हे माप 1 ला 87 आहे, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676 मिलिमीटर, त्याला 87 ने भागलं की सव्वाएकोणीस येतात. इथले तयार रूळ साडेसोळाचे, युरोपच्या गेजाप्रमाणे. सव्वाएकोणीसचे हाताने करावे लागतील, ते पुढे कधीतरी. बाकी सगळ्यालाच कात्री लावावी लागली. कसारा ते इगतपुरी खऱ्या मापात केलं तर दीडशे मीटरच्या वर जागा लागेल. घाटातला एहेगावचा पूल 182 फूट उंच, म्हणजे माझ्या टेबलावर 64 सेंटीमीटर. तो 20 वर आणला. चढ मात्र मी अजिबात कमी केलेला नाही. 111 सेंटीमीटरात बरोबर 3 सेंटीमीटर, 1 इन 37.

त्या चढानेच मला तीन आठवडे रडवलं. फ्रिजच्या पॅकिंगमधलं थर्माकोल तिरकं कापून त्याची पाचर केली, वर नोटिसबोर्डाच्या बुचाची पट्टी चिकटवली म्हणजे आवाज कमी होतो, आणि त्यावर रूळ टाकले. गाडी सोडली की पायथ्याशी दुसऱ्या डब्याचं कपलिंग सुटायचं. इंजिन एकटंच वर निघून जायचं. मी कपलिंग वाकवली, तेल घातलं, डबे बदलले. मग बाबा, तुम्हाला फोन केला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "चढ कधी एकदम लागतो का? आधी गाडीला कळू द्यायचं." थर्माकोलच्या टोकाला पुठ्ठ्याचे पाच थर दिले, प्रत्येक आधीच्यापेक्षा दोन बोटं पुढे, आणि वळणातच अर्धा सेंटीमीटर उचलून घेतलं. तेव्हापासून एकदाही सुटलं नाही.

बँकरचंही तसंच. जुन्या बाजारातून दोन इंजिनं घेतली होती, वेगवेगळ्या जातीची. मागचं जास्त पळायचं, आणि वळणावर मधले डबे रुळावरून बाहेर ढकलायचं. डबे फार हलके आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक डब्यात चार नट चिकटवले आणि जलद इंजिन पुढे घेतलं. आता मागचं नुसतं टेकून राहतं आणि चढावर जोर लावतं. खोलीतले दिवे घालवून पाहिलं की पुढच्या इंजिनाचा दिवा बोगद्यात शिरतो, आणि बँकर अजून पुलावर असतो. हा फोटो मागे 3 आकडा घातलेला.

डोंगर वर्तमानपत्रं, पाण्यात कालवलेला पांढरा डिंक आणि प्लास्टर यांचा. काळ्या कातळासाठी चीडाच्या सालीचे तुकडे, काळा-करडा रंग देऊन. खडी म्हणजे पक्ष्यांच्या पिंजऱ्यात घालायची वाळू; ती रुळांत पसरून वर पातळ डिंक सोडायचा. डिंक वाळूवर गोळा होऊन बसतो, म्हणून त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, मग तो झिरपतो. झाडं जुन्या वायरीतल्या तांब्याची, पीळ घालून फांद्या केलेल्या, वर कुस्करलेला स्पंज. आणि माती म्हणजे चहाचा चोथा. रोज उरतो तो ओव्हनमध्ये खडखडीत वाळवते, नाहीतर बुरशी धरते. आई, तुझ्या हातच्या मसाल्याच्या चहाचा चोथा सगळ्यात चांगला, त्यात आल्याचे धागे असतात, ते वाळल्या गवतासारखे दिसतात. रंग अगदी मे महिन्यातल्या घाटाचा येतो. पावसाळ्यातला हिरवा अजून जमलेला नाही. हिरवा रंग दिला की सगळं इथल्यासारखं दिसायला लागतं.

बाबा, एक राहिलंच. जुन्या गाड्यांच्या बाजारात काचेच्या कपाटात स्वित्झर्लंडचं एक इंजिन होतं, तपकिरी, पुढे-मागे लांब नाक, मधे केबिन, चाकांना दांडे. इथे त्याला मगर म्हणतात. मी पाहिलं आणि मोठ्याने 'खेकडा!' म्हटलं. तुम्ही ज्याचा आवाज तोंडाने काढून दाखवायचात तोच, जुन्या जीआयपी रेल्वेच्या इंजिनाचा खेकडा. आपल्या खेकड्याचाही आराखडा स्विस कारखान्यातलाच, हे तुम्हीच सांगितलं होतंत. किंमत 240 युरो होती. नाही घेतलं. फोटो काढू दिला, तो पाठवतेय, मागे 7 आकडा आहे.

आता हिशेब, कारण आई विचारणारच. दोन इंजिनं 63 युरो, जुना ट्रान्सफॉर्मर 10, प्लास्टर-डिंक-रंग 22. सात महिन्यांत 95 युरो, म्हणजे साधारण नऊ हजार. इथे मुली एका सुट्टीत यापेक्षा जास्त उडवतात. मी बाहेर जेवत नाही, सिनेमाला जात नाही. तक्रार म्हणून सांगत नाहीये. संध्याकाळी घरी आल्यावर हाताला काहीतरी काम असलं की बरं वाटतं, इतकंच.

पाच तारखेला चाळीस हजार पाठवलेत, मिळाले का ते दादाला कळवायला सांग. त्यातले पतपेढीचा हप्ता वजा जाऊन उरतील ते बाजूला ठेव. मार्चमध्ये कर्ज फिटतंय. आई, एप्रिलमध्ये पहिलं काम म्हणजे तुझ्या पाटल्या सोडवून आणायच्या. माझ्या जर्मनच्या क्लाससाठी त्या गेल्या, आणि दादाच्या लग्नात तू मोकळ्या हातांनी उभी राहिलेली मला बघवणार नाही. हॉलचा ॲडव्हान्स मी भरते, बाबांच्या पेन्शनला हात लावायचा नाही.

दादाच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. नाताळात वॉर्डात माणसं कमी असतात, रजा मिळाली नाही. दोनदा मागितली. वहिनींना माझ्या वतीने साडी घे, मोरपंखी घे. लग्नाची सुट्टी लिहून घेतलीय, 2 मे ते 25 मे, तिकीटही काढलंय.

सिन्नरच्या स्थळाचा बायोडेटा पाहिला. मुलगा चांगला वाटतो. पण त्यांना 'मुलगी परत येणार आहे' असं सांगू नका, आणि 'येणार नाही' असंही नको. मे महिन्यात मी समोर बसून बोलेन. मला खरंच अजून ठरवता आलेलं नाही, आणि ते तुमच्यापासून लपवायचं नाही म्हणून लिहितेय.

आणि बाबा, ऑपरेशनच्या दिवशी माझी सकाळपाळी होती. त्या दिवशी मी इथे तीन आजोबांच्या डोळ्यांत थेंब घातले. तिसऱ्यांना घालताना हात थांबला, त्यांनी विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं.

बोगद्याचं तोंड अजून कोरं ठेवलंय. कमानीला दगड किती, मधला मोठा असतो का, पाणी जायची चारी कुठल्या बाजूला, हे फोटोंवरून कळत नाही. तुम्ही तिथून रोज गेलात, तुम्हीच काढून पाठवा. पेन्सिलीने काढलंत तरी चालेल.

आजीला नमस्कार. दादाला आशीर्वाद नाही, मी लहान आहे, त्यालाही नमस्कारच.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, चित्राची घाई नाही. डॉक्टरांनी नवा चष्मा दिल्यावरच काढा. थेंब दिवसातून चार वेळा, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं. आई, बाटली उघडलेली तारीख तिच्यावर लिहून ठेव, महिना झाला की टाकून दे.